हजेरीतली सतरावी ओळ

१

सर्व्हरच्या माहितीपत्रकात लिहिले होते की, तो पाच मिनिटांत सुरू होतो. मला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत दोष माझा आहे असे मला एकदाही वाटले नाही.

काम साधे होते. आमची शाळा बंद झाली होती, इमारत पाडायची ठरली होती आणि कपाटांतले जुने हजेरीपट रद्दीत निघाले होते. त्यांपैकी चौतीस माझ्या हस्ताक्षरातले असल्यामुळे ते मी घरी आणले. माजी विद्यार्थिनींनी गळ घातली : बाई, वर्गांच्या याद्या इंटरनेटवर ठेवा, आम्हांला एकमेकी सापडतील. मी होकार दिला. दिलेला होकार मी मागे घेत नाही, आणि याचा पश्चात्ताप मला वारंवार झालेला आहे.

माझी भाची संगणकाच्याच व्यवसायात आहे. ती दूर राहते आणि फोनवर फार भराभर बोलते.

"मावशी, तुला मोठी वेबसाइट नकोच. साध्या मजकुराच्या फाइली एका फोल्डरात टाकायच्या. सर्व्हर त्यांची पानं करून दाखवतो. फाइल असली तर पान आहे, फाइल नसली तर पान नाही. एवढंच."

'एवढंच' म्हणणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. तिने आपला जुना संगणक पार्सलने पाठवला. तो मी आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवला. तो दिवसभर घरघरत असे. माझी धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, निवृत्त परिचारिका आहे आणि माझ्याकडेच राहते. तिने पहिल्याच दिवशी यंत्राच्या पाठीवर हात ठेवून निदान केले.

"ताई, याला कणकण आहे. झोपू दे थोडं."

याद्या होणार ही बातमी कशी कोण जाणे पसरली आणि चौथ्या दिवशी एक फोन आला. आवाज वृद्ध स्त्रीचा होता. तिने स्वतःचे नाव सांगितले, आणि मी उभी होते ती खाली बसले.

"बाई, सातवी ब झाली की मला वाचून दाखवाल का? डोळे गेलेत माझे. माझी मुलगी सतरा नंबरला होती."

"वर्षअखेरीला ज्या पटावर होत्या त्यांचीच यादी मी करते आहे," मी म्हणाले. "तसा नियम ठेवला आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.

२

नियम मीच केला होता, हे सांगणे येथे आवश्यक आहे.

आता यंत्राच्या मूर्खपणाविषयी. मी सर्व आकडे देवनागरीत टाइप केले होते. सर्व्हरला ते आकडे आहेत हेच कळेना. त्याने चाळीस ओळींचा एकच परिच्छेद केला. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर दारात होते तशी माझ्या मुलींची चेंगराचेंगरी पानभर झाली.

"मावशी, इंग्रजी आकडे घाल. त्याला तेच समजतात."

"ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याने याद्या करू नयेत."

"त्याला सांगते मी."

मी निमूटपणे तीन दिवस बसून सगळे आकडे बदलले. मग नवे त्रांगडे उभे राहिले. वर्षाच्या मध्ये एखादी मुलगी शाळा सोडून गेली, तर तिचा क्रमांक मी दुसऱ्या कोणालाही देत नसे. तो वर्षअखेरपर्यंत रिकामा राही. तसाच तो यादीतही रिकामा दिसावा म्हणून मी नऊनंतर थेट अकरा लिहिले, तर सर्व्हरने अकराला दहा केले आणि पुढच्या सगळ्यांना एकेक पायरी खाली उतरवले.

"तो पहिला आकडा बघतो आणि पुढचं स्वतःच मोजतो," भाची म्हणाली.

"मग माझे आकडे मागतो कशाला?"

"मागत नाही गं. खपवून घेतो."

निरुपायाने प्रत्येक पानाखाली 'अमुक क्रमांक रिक्त' अशी टीप घालायची असे मी ठरवले. पान तयार झाले की आम्ही दोघी पडताळणी करत असू. मी बाहेरच्या खोलीत हजेरीपट उघडून बसे आणि एकेक क्रमांक व नाव मोठ्याने वाचे. धाकटी आतल्या खोलीत पडद्यासमोर बसून ते सापडले की "आहे" म्हणे. दोन्ही खोल्यांच्या मधले दार उघडे असते. माझ्या खुर्चीतून मान वर केली तर आतली खुर्ची आणि टेबलाची कड दिसते. परंतु मी मान वर करत नाही. वाचताना माझे बोट ओळीवर असते आणि डोळे बोटावर. सबंध नोकरीत मी हजेरी अशीच घेतली. मी मुली आवाजावरून ओळखते.

३

दहाव्या दिवशी सातवी ब चे पान झाले. पडताळणीच्या वेळी सोळा झाल्यावर मी थेट अठरावे नाव वाचले.

"आहे," धाकटी आतून म्हणाली. "आणि मधे एक रिकामी जागा आहे. आकडा आहे, नाव नाही."

मी आत जाऊन पाहिले. पडद्यावर सोळा होते आणि अठरा होते, दोन्ही इंग्रजी आकड्यांत. त्यांच्या मधल्या ओळीवर देवनागरीत १७ होते आणि त्यापुढे काही नव्हते. शेवटच्या मुलीचा क्रमांक एक्केचाळीस होता, पटावर होता तसाच.

मला समाधान वाटले, हे मी लपवत नाही. नऊ दिवसांच्या छळानंतर यंत्राला एकदाची शिस्त लागली होती. मी मुद्दाम फोन करून भाचीला सांगितले.

ती या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. हे तिच्या स्वभावात नाही.

"मावशी, ते तसं करूच शकत नाही. रिकामा आकडा तो सोडत नाही आणि देवनागरी तर त्याला येतच नाही. तूच कुठेतरी टाइप केलं असशील. फाइल पाठव."

मी पाठवली. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

"फाइलीत चाळीस ओळी आहेत. माझ्याकडे पान उघडलं तर चाळीसच दिसतात. सतरा कुठेच नाही."

"माझ्याकडे आहे."

"ब्राउझर जुनं पान लक्षात ठेवतो कधीकधी. ते पुसायचं कसं ते सांगते."

"आज पहिल्यांदाच केलेले पान जुने कसे असेल?"

तिने मला ते पुसायची कृती सांगितली, मी ती दोनदा केली, आणि दोन्ही वेळा सतरा आपल्या जागेवर होते. धाकटी पाठीमागून वाकून पाहत होती.

"राहू दे ना ताई. कुणाला त्रास देतंय?"

४

त्या दिवशी, एकतीस वर्षांपूर्वी, मी नेहमीप्रमाणे अकरा वाजून दहा मिनिटांनी सातवी ब ची हजेरी घेतली. माझ्या वर्गात एक रीत होती. क्रमांक पुकारला की मुलीने उभे राहून "हजर" म्हणायचे आणि मी "बस" म्हणेपर्यंत उभेच राहायचे. मी सतरा पुकारले. डावीकडच्या तिसऱ्या बाकाची फळी करकरली आणि "हजर" असे उत्तर आले. मी खूण केली. तेवढ्यात शिपाई मुख्याध्यापकांची सूचना घेऊन आला. मी ती बसूनच वाचली, सही केली आणि पुढे अठरा पुकारले.

साडेबाराच्या सुट्टीत सतराची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. मुलगी सकाळी रुसून निघाली, डबाही घेतला नाही, शाळेत पोहोचली का, एवढेच तिला विचारायचे होते.

"बाई, आहे ना ती वर्गात?"

मी हजेरीपट काढून खुणेवर बोट ठेवले.

"वर्गात जाऊन एकदा बघू का?"

"गरज नाही," मी म्हणाले. "माझी हजेरी चुकत नाही."

ती निश्चिंत होऊन घरी गेली. पाच वाजता शाळा सुटली, पण मुलगी घरी पोहोचली नाही. मग शोध सुरू झाला. पुलाच्या कठड्याशी दप्तर सापडले. एका पोस्टमनने ते तिथे सकाळी दहालाच पाहिले होते. मुलगी सापडली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारले की सतराच्या जागी उत्तर कोणी दिले. मी प्रेमाने विचारले, मग रागाने विचारले. कोणीही कबूल झाले नाही. तेव्हा कोणीतरी नक्कल केली असे मी स्वतःला समजावले. पोलिसांनी तपासासाठी पट मागवण्यापूर्वी मी ब्लेडने ती खूण खरवडली आणि तिथे गैरहजेरी मांडली. कागद त्या जागी अजूनही इतका पातळ आहे की उजेडात धरला तर पलीकडचे दिसते.

नक्कल. बाकी तेहेतीस वर्गांच्या नकला मी ओळखल्या होत्या.

५

असल्या यंत्राशी वाद घालण्यात अर्थ नाही, असे ठरवून मी सातवी ब ची फाइल फोल्डरातून काढून टाकली. फाइल नाही तर पान नाही, एवढंच. भाचीचेच शब्द. मग मी पान उघडून पाहिले.

चाळीस मुली गेल्या होत्या. कोऱ्या पडद्यावर डावीकडे, वरून काही अंतर सोडून, जिथे सतरावी ओळ यावी बरोबर तिथे, १७ होते.

मी सर्व्हर बंद करून सुरू केला. मी भिंतीतली पिन काढून पुन्हा लावली. धाकटी दारात उभी राहून पाहत होती आणि एरवी तिने यावर काहीतरी विनोद केला असता.

भाचीने सुचवले की लॉग पाहा. सर्व्हर स्वतःची एक रोजनिशी ठेवतो : कोणते पान, केव्हा आणि कोणत्या संगणकावरून मागितले गेले. एवढ्या बेशिस्त यंत्राकडे अशी व्यवस्थित वही असेल असे मला वाटले नव्हते. मी ती फोनवर भाचीला वाचून दाखवली.

सातवी ब चे पान रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मागितलेले होते. पहिली नोंद संगणक बसवल्याच्या दिवसाची होती. त्या वेळी सातवी ब चे एक अक्षरही मी टाइप केले नव्हते, त्यामुळे सर्व्हरने 'असे पान नाही' असे उत्तर दिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागणी आणि तेच उत्तर. असे नऊ दिवस. एकही खाडा नव्हता. इतकी नियमित विद्यार्थिनी मला क्वचितच लाभली.

"कुठून मागितलंय ते वाच," भाची म्हणाली.

मी आकडे वाचले.

"मावशी, हा तोच संगणक आहे. तुमच्या घरातला. त्याच्यासमोर बसून कुणीतरी उघडलंय."

अकराच्या सुमाराला मी बाहेरच्या खोलीत पट घेऊन बसलेली असते आणि धाकटी स्वयंपाकघरात असते. मी तिला विचारले.

"मी कशाला उघडू? मला तर पान उघडायचंही धड जमत नाही," ती म्हणाली, आणि हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "मला वाटायचं तू असतेस आत. खुर्ची वाजते ना रोज."

मी बाहेरच्या खोलीत असताना आतली खुर्ची वाजू शकते. लाकूड जुने आहे, सकाळी ऊन येते, लाकूड प्रसरण पावते. सातवीच्या विज्ञानात हे मी स्वतः शिकवलेले आहे.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल परत जागेवर ठेवली. तीत सोळानंतर एक ओळ घातली आणि त्या मुलीचे पूर्ण नाव लिहिले. प्रत्येक नावापुढे मी त्या वर्षीच्या हजेरीचे दिवस देत होते. पट उजेडात धरून मी तिचे दिवस मोजले. खरवडलेला दिवस धरला तर एकशे तेरा, सोडला तर एकशे बारा. अर्धा तास मी त्या आकड्यासमोर बसले. शेवटी ती जागा रिकामी ठेवली आणि तिच्या आईला फोन केला. बोलणे धाकटीलाही ऐकू यावे म्हणून तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. धाकटी आत पडद्यासमोर जाऊन बसली.

"सातवी ब झाली आहे," मी म्हणाले. "वाचून दाखवते. त्याआधी मला काही सांगायचे आहे."

"सांगा."

"त्या दिवशी मी मान वर केली नव्हती. 'हजर' ऐकले आणि खूण केली. नंतर ती खूण ब्लेडने काढली. तुम्ही विचारलेत तेव्हा तुम्हांला वर्गात जाऊ द्यायला हवे होते. साडेबारापासून शोध घेता आला असता."

त्यांच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला फोनमधून ऐकू येत होती.

"साडेचार तास," त्या म्हणाल्या. "मी त्या दुपारी झोपले होते, बाई. हजर आहे म्हणालात, म्हणून निवांत झोपले."

मग त्यांनीच विचारले.

"'हजर' कोण म्हणालं?"

एकतीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मुख्याध्यापकांनी नाही, पोलिसांनीही नाही. त्यांना खरवडलेलाच पट मिळाला होता.

"आवाज तिचाच होता," मी म्हणाले. "हे मी कोणाला सांगितलेले नाही. सांगितले तर लोक मला वेडी म्हणतील, आणि मीही म्हणेन. पण मी आवाज ओळखते. तो तिचाच होता."

"वाचा," त्या म्हणाल्या.

७

घड्याळात अकरा दहा झाले होते. वेळ मी ठरवून निवडली नव्हती.

मी एक म्हटले आणि नाव वाचले. "आहे," आतून आले. दोन. "आहे." पट माझ्या मांडीवर होता, बोट ओळीवर. फोनमधून त्या वृद्धेचा श्वास ऐकू येत होता. वाचण्याला एक लय असते आणि ती आता लागली होती. दहा, अकरा, बारा. "आहे." "आहे." यंत्र घरघरत होते. पंधरा. "आहे." सोळा. "आहे."

मी सतरा म्हटले आणि तिचे नाव वाचले, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

आतली घरघर थांबली. खुर्ची करकरली, कोणी उठून उभे राहताना करकरते तशी. मग उत्तर आले.

"हजर."

माझे बोट ओळीवरून हलले नाही. याला कारण असेल, असे मी मनाशी म्हणाले. धाकटीला कंटाळा आला असेल. तिने गंमत केली असेल. नको त्या वेळी गंमत करणे हा तिचा जुना दोष आहे.

"ताई."

आवाज माझ्या पाठीमागून आला, स्वयंपाकघराच्या दारातून. तिथे धाकटी उभी होती. तिच्या हातात रिकामा पेला होता.

"मी दहावं नाव झाल्यावरच उठले गं," ती म्हणाली. "घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला आले. मला वाटलं, तू थांबशील."

अकरापासून सोळापर्यंत सहा वेळा मी "आहे" ऐकले होते, आणि मी आवाज ओळखते.

टेबलावरचा फोन बोलला. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. फक्त आवाज म्हातारा झाला होता.

"बाई, आहे ना ती वर्गात?"

"थांबा," मी म्हणाले. "पाहून सांगते."

आणि मी मान वर केली.

उघड्या दारातून आतल्या खुर्चीची पाठ दिसत होती. खुर्ची मागे सरकलेली होती. टेबलाच्या कडेवर पाच बोटे टेकलेली होती. फार वेळ उभे राहिल्यावर मूल आधाराला बाकावर टेकते तशी. त्यांच्या वर, दाराच्या चौकटीने अर्धी कापलेली, खांद्यावरून पुढे आलेली एक वेणी होती, आणि तिची रिबीन सुटली होती. चेहरा चौकटीपलीकडे होता. मी खुर्चीतून किंचित पुढे झुकले असते तर तो दिसला असता.

त्या दिवशी शिपाई आला. मी सूचना वाचली, सही केली आणि अठरा पुकारले. मी "बस" म्हणाले नव्हते.

"आहे," मी आईला सांगितले. माझा आवाज मला परका वाटला. "उभी आहे. तिला बसायला सांगू का?"

"नको." त्या मुळीच रडत नव्हत्या. एखाद्या शिक्षिकेला तिच्या कामातली चूक दाखवावी तितक्या शांतपणे त्या बोलल्या. "शाळा कधीच सुटली, बाई. तिला घरी पाठवा."

माझ्या पाठीमागे धाकटीच्या हातातला पेला टेबलावर आदळला. मी मान खाली घातली नाही.

"जा," मी म्हणाले. "घरी जा, बाळ."

बोटे कडेवरून उचलली गेली. पावले वाजली नाहीत. यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली आणि आतल्या खोलीत नुसती खुर्ची उरली.

आम्ही दोघी हललो नाही. फोन सुरूच होता. पलीकडून घड्याळाची टिकटिक येत होती आणि त्या बाईंचा श्वास. मग तिकडे, त्यांच्या घरी, दाराची कडी वाजली. एकदा वाजली, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा वाजली.

काठी सापडल्याचा आवाज झाला, मग ती फरशीवर टेकल्याचा.

"आले, आले," त्या फोनपासून लांब जात म्हणाल्या.